सत्कार माझा, पण उपकरण कुणाकुणाचं? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की ऑपरेशनचं नवीन उपकरण कसं बनतं हे सगळे विचारतात, पण ते बनल्यावर कामाच्या ठिकाणी सत्कार होतो, शील्ड मिळते, फोटो निघतात, आणि मग त्या माणसाच्या डोक्यात जे सुरू होतं ते कुणी विचारत नाही, तर त्याबद्दल लिहा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. मी २७ वर्षं सर्जरीची इन्स्ट्रुमेंट्स डिझाइन करण्यात घालवलीत त्यामुळे यातलं बरंच काही माझ्यावरूनही गेलंय. सगळ्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: ताई, मी एका हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर आहे. दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन चालू असताना कॅमेऱ्याची काच सारखी खराब होते, मग दुर्बीण बाहेर काढायची, गरम पाण्यात धरायची, पुसायची आणि परत आत घालायची. मी पोटात जाणाऱ्या नळीतच बसणारी एक छोटी पुसणी बनवली, दुर्बीण जरा मागे ओढून परत पुढे केली की काच आतल्या आत साफ होते. दोन वर्षं गेली यात. आता वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार आहे, एकट्याचा. पण खरं सांगायचं तर मी आधी पुसणी नळीच्या वरच्या तोंडाशी बसवत होतो आणि ते काही केल्या जमत नव्हतं, ती आतल्या टोकाशी पाहिजे हे आमच्या ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरनी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत पण नावांची यादी लागल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी सरांना सांगितलं तर सर म्हणाले यादी छापून झाली, आता राहू दे. मला झोप लागत नाही.

उत्तर: आधी एक सांगते, सत्कार नाकारू नका. बरीच भली माणसं अशा वेळी एकदम मागे सरतात, मला नको सगळं सिस्टरना द्या म्हणतात, पण त्याने दोन वर्षांची तुमची मेहनत जी खरी आहे तीही खोटी ठरते आणि सिस्टरवर नको ते ओझं येतं. तुम्ही काम केलंय, घ्या सन्मान.

आता मुद्द्याचं. वाचकांसाठी थोडं सांगते, काच धूसर का होते तर थिएटर थंड, दुर्बीण थंड आणि पोटात साधारण ३७ डिग्री आणि भरपूर ओलावा, त्यामुळे आत गेल्या गेल्या काचेवर वाफ धरते, वरून रक्ताचे आणि चरबीचे शिंतोडे. सर्जन सगळं ऑपरेशन स्क्रीनकडे बघून करतो, स्क्रीन गढूळ झाली की हात थांबवावे लागतात. पण सर्जनला दिसते फक्त गढूळ स्क्रीन. ती दुर्बीण दर वेळी हातात घेऊन पुसणारी सिस्टर असते आणि फडक्यावर काय आलं ते तिला दिसतं, नुसती वाफ होती का रक्त होतं का चरबीचा तवंग होता. नळीच्या तोंडाशी जो रबरी वॉल्व्ह असतो त्यात रक्त साचतं आणि साफ दुर्बीणसुद्धा तिथून आत जाताना परत माखते, हे स्क्रीन बघून कधीच कळलं नसतं, ते फडकं बघूनच कळतं. म्हणजे तुमच्या सिस्टरनी सहज एक सूचना केली असं नाहीये. त्यांच्याकडे अशी माहिती होती जी त्या थिएटरमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पेटंटच्या भाषेत शोधक या शब्दाला ठराविक अर्थ आहे आणि तो इथे फार उपयोगी पडतो. नुसती अडचण सांगणारा माणूस शोधक ठरत नाही. काच सारखी धूसर होते हो, एवढंच त्या म्हणाल्या असत्या तर आभार पुरले असते. सांगितलं तसं बनवून देणाराही साधारणपणे शोधक ठरत नाही. पण ज्या कल्पनेमुळे ते उपकरण चालतं त्या कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो शोधक. तुमच्या पेटंटच्या अर्जात दावे लिहिले असतील, म्हणजे उपकरणात आपलं नवीन नेमकं काय ते सांगणारी वाक्यं, तेव्हा कागद काढा आणि बघा, पुसणी नळीच्या आतल्या टोकाशी आहे हे त्या दाव्यांत आहे का. असेल, आणि मला वाटतं असणारच कारण त्याशिवाय ते चालतच नाही, तर सिस्टरचं नाव त्यात हवं. ही मेहरबानी नाही. शोधकांची नावं चुकीची दिली तर कित्येक देशांत त्यावरून पेटंटच अडचणीत येतं आणि ती दुरुस्त करायची सोयही असते. हे सरांना असं सांगा, भावनेचं राहू द्या बाजूला, कागद म्हणून सांगा. यादी छापून झाली असेल, पेटंटची फाइल छापून झालेली नाही.

या बाबतीत व्हिव्हियन थॉमस यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९४४ च्या २९ नोव्हेंबरला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळाचं ते प्रसिद्ध ऑपरेशन झालं, सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक, कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. पण ते ऑपरेशन प्राण्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवलं होतं लॅबमधल्या थॉमस यांनी, डॉक्टरकीची पदवी नाही, कॉलेज नाही, आधी सुतारकाम केलेला कृष्णवर्णीय तरुण, ज्याला त्याच्या आधीच्या विद्यापीठात लॅबमध्ये हे सगळं करत असताना कागदावर सफाई कामगार म्हणून लावलं होतं. एवढ्याशा रक्तवाहिन्या शिवायला तशा सुया तेव्हा मिळत नव्हत्या, त्या त्यांनी लॅबमध्ये स्वतः छोट्या करून घेतल्या. ऑपरेशनच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभे होते आणि टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. पुढच्या वर्षी जो पेपर छापून आला त्यात लेखक म्हणून नावं दोनच, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्जन लोकांनी त्यांचं तैलचित्र लावलं १९७१ मध्ये, मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ मध्ये. बत्तीस वर्षं. मी हा आकडा दर वेळी मोजते आणि दर वेळी मला तो सहन होत नाही.

आणि माझंही एक सांगते कारण मी काही वेगळी वागले नव्हते. माझ्या पहिल्या इन्स्ट्रुमेंटसाठी, पकडीचा जबडा होता, मला कामावर शील्ड मिळाली. तो जबडा लेथवर घडवणारे आमच्या वर्कशॉपमधले काका ड्रॉइंग बघून म्हणाले होते, मॅडम हा आतला कोपरा असा काटकोनात ठेवला तर ब्रश जाणार नाही, रक्त आत राहील. मी त्याला गोलाई दिली, पुढे निर्जंतुकीकरणाच्या चाचणीत आमचा जबडा पास झाला तो त्या गोलाईमुळे. स्टेजवर मी म्हणाले माझ्या टीमचे आभार. काका मागच्या दाराशी उभे होते आणि टाळ्या वाजवत होते, ते काही रागावले वगैरे नाहीत, त्यांना अपेक्षाच नव्हती आणि मला तेच जास्त लागलं, पण कार्यक्रम झाल्यावर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकटी असतात बघा, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. घडवणाऱ्याची चौकट नसते. त्यानंतर मी माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर शेऱ्यांच्या जागी लिहायला लागले की हा बदल कुणी सुचवला आणि कोणत्या तारखेला. काकांचं नाव मात्र पहिल्या ड्रॉइंगवर उशिराच गेलं, दुसऱ्या आवृत्तीत.

म्हणून तुम्हाला सांगते, टीम हा शब्द वापरू नका. त्या शब्दात सगळ्यांची नावं बुडतात. स्टेजवर दोन मिनिटं मिळाली तरी पुरे आहेत, म्हणा की मी पुसणी चुकीच्या जागी बसवत होतो आणि सिस्टरनी, नाव घेऊन, मला सांगितलं की ती आतल्या टोकाला पाहिजे, त्या दिवसापासून ती चालायला लागली. एवढंच. पण त्याच्या आधी, कार्यक्रमाच्या आधी, त्यांना स्वतः जाऊन भेटा आणि सांगा की मी असं बोलणार आहे आणि पेटंटबद्दल असं पत्र दिलंय. एकदम स्टेजवरून नाव ऐकायला सगळ्यांना आवडतं असं नाही, आणि इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल जे बोलायचंय ते माइकवर बोलता येत नाही.

प्रश्न: माझ्या उपकरणासाठी पुढच्या महिन्यात सत्कार आहे, बाहेरचे पाहुणे आहेत. मला १५ मिनिटं प्रेझेंटेशन द्यायला सांगितलंय, त्यात उपकरण उघडून आतली रचना दाखवावी असं वाटतं. पेटंटचा अर्ज अजून द्यायचाय, वकील म्हणतात होईल सावकाश. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि हे उत्तर मिळाल्या दिवशीच वकिलांना फोन करा. पेटंट मिळायला ती गोष्ट जगासाठी नवीन असावी लागते, आणि तुम्ही स्वतः ती लोकांसमोर उघड केली तर युरोपसारख्या ठिकाणी ती नवीन राहत नाही, तुमचंच भाषण तुमच्या विरोधात जातं. अमेरिकेत स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते पण सगळीकडे तसं नाही आणि सवलतीच्या भरवशावर कुणी राहू नये. अर्ज आधी, सत्कार नंतर. पहिल्या अर्जाची तारीख मिळाली की पॅरिस कराराप्रमाणे (हवामानाचा नव्हे, पेटंटसारख्या हक्कांबद्दलचा जुना आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या सदस्य देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात.

कार्यक्रम पुढे ढकलता येत नसेल तर अडचण सांगा, ऑपरेशनमध्ये किती वेळ जातो ते सांगा, परिणाम सांगा, आतली रचना सांगू नका. आणि लोक विसरतात ते म्हणजे पोस्टर, बॅनरवरचा क्लोजअप फोटो, संस्थेचं मासिक, स्टाफच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ जो पुढे कुठेही जातो. उपकरणाचा फोटो बंद पेटीतला किंवा हातात धरलेला बाहेरचा असू द्या.

प्रश्न: शील्डवर आमच्या विभागप्रमुखांचं नाव आधी आणि माझं नंतर आहे. त्यांनी या कामात काहीही केलेलं नाही. बोलू का?

उत्तर: शील्डवरून भांडू नका, पेटंटवरून भांडा. आपण नोकरीत असताना बनवलेल्या गोष्टीची मालकी बऱ्याचदा संस्थेकडे जाते, ते तुमच्या करारात आणि तुमच्या देशाच्या कायद्यात बघा, पण मालक कोण आणि शोधक कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅरिस करारातच लिहिलंय की पेटंटमध्ये शोधक म्हणून नाव येण्याचा हक्क शोधकाला आहे. मालकी गेली तरी नाव जात नाही. आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांचं नाव मान म्हणून तिथे घालता येत नाही, हे नम्रपणे पण लेखी विचारा, की कोणत्या दाव्यात सरांचा वाटा आहे ते सांगा म्हणजे मी नोंद करते. प्रमुखांनी पैसे मिळवून दिले असतील, परवानग्या आणल्या असतील, तुमच्यावरचा रोष अंगावर घेतला असेल तर तेही काम आहे आणि त्याचा उल्लेख व्हावा, पण तो शोध नव्हे. खरंच काही केलं नाही ना, हे एकदा शांतपणे आठवून बघा, पत्रातल्या रागावरून मला ते कळत नाहीये.

प्रश्न: मी ओटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. मी केलेल्या छोट्या उपकरणासाठी माझा सत्कार झाला. तेव्हापासून काही ज्युनिअर डॉक्टर म्हणतात की जमलं एखाद्या वेळी, नशीब. मला स्वतःलाही तसंच वाटायला लागलंय. मी शिकलेलो कमी आहे.

उत्तर: थॉमस फोगार्टी हे नाव लिहून ठेवा. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका हॉस्पिटलमध्ये हा मुलगा शाळेत असल्यापासून काम करत होता, आधी साफसफाई, मग ऑपरेशनमध्ये इन्स्ट्रुमेंट हातात देणारा टेक्निशियन. पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तेव्हा मोठी चीर देऊन ती काढावी लागायची, आणि पाय गेले, माणसं गेली हे त्याने टेबलाशेजारी उभं राहून बघितलं. पुढे मेडिकलला असताना त्याने एका बारीक नळीच्या टोकाला सर्जिकल हातमोज्याच्या बोटाचं टोक बांधलं, मासेमारीचे गळ बांधताना जी गाठ मारतात ती गाठ मारून, कारण रबर प्लॅस्टिकला चिकटत नव्हतं. नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा, ओढायचं, गुठळी बाहेर. कंपन्यांनी आधी नकार दिला. १९६१ मध्ये ती पेशंटवर पहिल्यांदा वापरली गेली, आणि आजही त्या नळीला फोगार्टीच म्हणतात.

तो नंतर सर्जन झाला हे खरं आहे. पण जे बघितलं ते टेक्निशियन म्हणून बघितलं आणि गाठ मारायचा हात होता तो पुस्तकातून आलेला नव्हता. तुम्ही ज्या जागी उभे असता तिथून ट्रेवरचं प्रत्येक इन्स्ट्रुमेंट कितीदा मागितलं जातं, कोणतं हातात दिल्यावर परत येतं, कोणतं सर्जन तोंडाने न बोलता बाजूला टाकतो हे दिसतं. याला नशीब म्हणत नाहीत. कमी शिकलोय असं जे तुम्ही लिहिलंय त्यात मला एकच गोष्ट खरी वाटते, की लिहून काढायची सवय तुम्हाला नसेल. तर ती लावा. वही करा, तारीख टाका, काय बिघडलं, काय करून बघितलं, काय जमलं नाही, चित्र काढा, खाली सही करा आणि दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या. पुढच्या वेळी कुणी नशीब म्हणालं तर वही पुढे करा.

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी मी माझी कल्पना मांडली तेव्हा वरिष्ठांनी सगळ्यांसमोर ती उडवून लावली. आता तेच उपकरण दुसरीकडे वापरात आल्यावर तीच माणसं माझा सन्मान करतायत. जाऊ का?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जर्मनीत एरिश म्यूहे म्हणून सर्जन होते. १२ सप्टेंबर १९८५ ला त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, जगात पहिल्यांदा, स्वतः बनवून घेतलेल्या गॅलोस्कोप नावाच्या उपकरणाने. पुढच्या वर्षी जर्मन सर्जन संघटनेच्या परिषदेत ते मांडलं तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही, मोठा सर्जन मोठी चीर देतो अशी तेव्हाची समजूत होती. मग १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी तसं ऑपरेशन केलं आणि कित्येक वर्षं जग त्यांनाच पहिलं मानत राहिलं. १९९२ मध्ये त्याच जर्मन संघटनेने म्यूहे यांचा गौरव केला.

जा असं मी सांगेन, पण माफ करा म्हणून नाही. माफी तुमची तुम्ही बघा, ती मनातून आली नाही तर हसऱ्या फोटोत ती आणू नका. जा यासाठी की तुमची तारीख नोंदली जाईल. भाषणात राग काढू नका, फक्त साल सांगा, की हे मी अमुक साली अमुक बैठकीत मांडलं होतं आणि तेव्हा मंजूर झालं नाही. बैठकीचं टिपण असेल तर त्याची प्रत सोबत ठेवा. आणि जमलं तर एक मागणी करा, सन्मानाच्या ऐवजी नाही, सन्मानासोबत, की यापुढे कुणी कल्पना मांडली तर तिला लेखी उत्तर द्यायचं, नाकारली तर का नाकारली ते लिहून द्यायचं. तुमच्या वेळी कुणी ते लिहिलं असतं तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं की त्यांची शंका खरी होती का नुसता नाक मुरडण्याचा प्रकार होता, आणि सहा वर्षं ते मनात धरून बसावं लागलं नसतं.

प्रश्न: माझे मिस्टर सर्जन आहेत. त्यांचं उपकरण घरातल्या टेबलावर तयार झालं, मी चार वर्षं सांभाळलं सगळं, नमुने शिवून चिकटवून दिले. सत्कारात मी पहिल्या रांगेत बसले होते, माझं नाव आलं ते 'सौभाग्यवतींच्या सहकार्याने' एवढंच. मी लहान मनाची आहे का?

उत्तर: अजिबात नाही ओ. हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती रुंद करायची अँजिओप्लास्टी आंद्रेयास ग्रुंट्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये पहिल्यांदा केली. त्या फुग्याच्या नळ्या कुठे बनल्या माहितीये, त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संध्याकाळी ड्युटी संपल्यावर, आणि बनवायला बसायचे चौघं, ते, त्यांची पत्नी मिखाएला, त्यांची असिस्टंट मारिया श्लुम्प्फ आणि तिचा नवरा. आज ही नावं लिहिता येतायत कारण कुणीतरी ती सांगितली.

घर सांभाळलं हे एक आणि नमुने बनवून दिले हे वेगळं, दोन्हीला सहकार्य हा एकच शब्द लावला म्हणून तुम्हाला लागलंय. मिस्टरांना हे असंच सांगा. त्यांना बहुतेक जाणीवच नसेल. आणि तुम्ही बनवलेले नमुने फेकले नसतील तर जपून ठेवा, प्रत्येकावर चिठ्ठी लावा, कधी बनवला आणि काय चुकलं. बिघडलेल्या नमुन्यांना उपकरणाच्या इतिहासात फार किंमत असते आणि ते नेमके कुणी ठेवत नाही.

प्रश्न: ताई, माझं उपकरण आत्तापर्यंत ४० ऑपरेशनमध्ये वापरलं, एकदाही काही झालं नाही. संस्थेने मोठा कार्यक्रम केला, 'पूर्ण सुरक्षित' असं बॅनरवर लिहिलं. सगळे खूश आहेत आणि मी घाबरलेय. सन्मान फार लवकर झाला असं वाटतंय. हे कुणाला सांगितलं तर म्हणतात तुला आनंद घेता येत नाही.

उत्तर: तुमची भीती बरोबर आहे आणि ती कुणाच्या म्हणण्यावरून सोडू नका. एक साधा हिशोब आहे तो सगळ्यांना सांगा. ४० वेळा वापरलं आणि एकदाही त्रास झाला नाही याचा अर्थ त्रास होण्याची शक्यता शून्य असा होत नाही. तीनला त्या संख्येने भागायचं. ३ भागिले ४०, म्हणजे साडेसात टक्के. तेवढ्या पुराव्यावर आपण ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणू शकतो की त्रासाचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर नसावं. शंभरातले सात पेशंट! एक टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायला ३०० ऑपरेशन विनात्रास व्हावी लागतात, आणि हजारात एकाच्या खाली म्हणायला ३०००. बॅनर लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण पूर्ण सुरक्षित हे शब्द काढायला लावा. आजच. तो बॅनर कुणीतरी पेशंट वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून सही करतो.

आमच्या क्षेत्रात ज्याने मोठमोठ्यांची झोप उडवली तो ब्यॉर्क-शायली झडपेचा प्रकार. हृदयात बसवायची कृत्रिम झडप, तिची आधीची मॉडेलं चांगली चालली होती, नावाजलेली होती. रक्ताचा प्रवाह आणखी सुधारावा म्हणून चकतीचा आकार बदलला, ती जास्त उघडेल अशी केली, आणि १९७९ मध्ये ते नवीन मॉडेल बाजारात आलं. चकती धरून ठेवणारी एक बारीक तार होती, वेल्डिंग केलेली, ती काही पेशंटमध्ये वर्षा दोन वर्षांनी, काहींत त्याहून उशिरा, तुटायला लागली. तार तुटली की चकती निसटते, आणि हृदयात चकती निसटणं म्हणजे काय ते मी लिहायला नको. १९८६ मध्ये ते मागे घेतलं तोवर जगभर ८० हजारांच्या वर लोकांना ते बसवून झालं होतं. बसवताना ती झडप छान होती. ऑपरेशन यशस्वी होती. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडमीट करतं, धातू थकतो तो या मोजणीने, ऑपरेशनच्या मोजणीने नाही.

मला तुम्हाला आणखी घाबरवायचं नाहीये. तुमचं उपकरण शरीरात राहणारं नाही असं पत्रावरून दिसतं, तरी ते दर वेळी धुतलं जातं, ऑटोक्लेव्हमध्ये १३४ डिग्रीच्या वाफेत जातं, परत येतं. ४० ऑपरेशन म्हणजे एकच नग ४० वेळा गेला का दहा नग चार चार वेळा, हे मोजलंय का? नसेल तर प्रत्येक नगावर नंबर कोरा आणि फेऱ्या मोजा. बिजागरी, वेल्डिंगची जागा, रबराचा भाग हे भिंगाखाली बघा, काही ठराविक फेऱ्यांनी, काही झालं नसलं तरी. धोक्यांची फाइल, जी आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या धोक्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तुम्ही आधी केली असेल, ती सत्काराच्या दिवशी बंद करायची नसते, त्यात आता खऱ्या वापरातले आकडे भरायचे. कोणत्या गोष्टी होऊ शकतात असं तुम्ही तेव्हा लिहिलं होतं आणि त्यातलं काय दिसतंय, काय दिसलं नाही, आणि असं काय दिसलं जे लिहिलंच नव्हतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा.

आणि तक्रार येण्याची वाट सोपी करा. सन्मान झालेल्या उपकरणाची तक्रार कुणी करत नाही हो, हे मी पाहिलंय. ज्युनिअर असतो त्याला वाटतं आपलाच हात चुकला असेल, सिस्टरना वाटतं आता मॅडमचा सत्कार झालाय कशाला बोला, आणि मग जबडा नीट मिटत नाही तरी दोनदा दाबून काम चालवून घेतात, आणि तुमच्या वहीत मात्र ४० पैकी ४० यशस्वी. तुम्ही स्वतः जाऊन त्या ४० ऑपरेशनमधल्या सिस्टरना विचारा. काही प्रॉब्लेम आला का असं विचारू नका, सगळे नाही म्हणतील. दोनदा दाबावं लागलं असं कधी झालं का, धुताना कुठे अडतं का, हातात दिल्यावर सर्जननी परत केलं असं कधी झालं का, असं विचारा. उत्तर येईल ते तिथेच त्यांच्यासमोर लिहून घ्या, नगाच्या नंबरसकट, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव त्यांना विचारून लिहा.